आधी ओठ, मग सवय: ओठ चावणाऱ्या एका मुलीचं प्रकरण

मुलगी पावणेसहा वर्षांची. आईची तक्रार तिच्याच शब्दांत अशी होती: "सारखी खालचा ओठ चावते. रक्त येईपर्यंत चावते. सांगून सांगून थकलो आम्ही."

हे नेमकं कधी सुरू झालं ते घरात कुणालाच सांगता येईना. पण गेल्या चार-पाच महिन्यांत वाढलं यावर सगळ्यांचं एकमत होतं. त्याच सुमारास घरात धाकटा भाऊ जन्माला आला होता, त्यामुळे कारणही घरात ठरून गेलं होतं. बाळ आलं, हिच्याकडचं लक्ष कमी झालं, म्हणून ही ओठ चावते. आजी तसं बोलून दाखवत, बाबा मान डोलावत आणि आईला मात्र ते फार लागत होतं. मुलीचा सुजलेला ओठ दिसला की आपणच कुठेतरी कमी पडतोय असं तिला वाटायचं.

मी लहान मुलांचे दात बघते. ओठ चावण्याची तक्रार माझ्याकडे येते ती बहुधा दात पुढे येतील या भीतीने. हे प्रकरण सविस्तर मांडतेय, कारण उपायांचा क्रम किती महत्त्वाचा असतो ते यात स्पष्ट दिसतं. ओठ फुटलेला, खरखरीत असेपर्यंत सवयीवर केलेली मेहनत जवळजवळ वाया जाते. मुलीची ओळख पटेल असे तपशील इथे घेतलेले नाहीत.

माझ्याकडे येण्याआधी घरी बरंच काही करून झालं होतं. समजावणं, रागावणं, आरशासमोर उभं करून "बघ कसा दिसतोय ओठ" म्हणणं. खोलीच्या दुसऱ्या टोकाहून "ओठ!" एवढाच शब्द टाकायची सवय तर तिघाही मोठ्यांना लागली होती. मग कुणीतरी सुचवलं म्हणून अंगठा चोखणाऱ्या मुलांच्या नखांना लावतात तसलं कडू द्रव्य ओठावर लावून झालं. फुटलेल्या ओठावर ते झोंबलं, मुलगी रडली, ओठ चाटत राहिली. दुसऱ्या दिवशी ओठ आणखी लाल. नखावरची वस्तू ओठावर लावू नये. तिखट, कडू, झोंबणारं काहीच लावू नये. जखमेवर ते चटका देतं आणि पोटातही जातं. शेवटी गोड वासाचा, रंगीत लिप बाम आणला गेला. तो तिला इतका आवडला की ती तो चाटून संपवायची.

तपासणीत काय दिसलं

खालच्या ओठाचा मधला भाग किंचित सुजलेला होता आणि त्यावर वरच्या दातांच्या कडेची आडवी रेघ उमटलेली होती. उजव्या बाजूला, कोपऱ्यापासून थोडं आत, साल ओढून काढल्याची ओली जखम. बाकी ओठावर कोरडे पापुद्रे. ओठाखालची त्वचा तपकिरी-लालसर झाली होती आणि या डागाची कड अगदी ठळक होती. जीभ बाहेर काढून जिथपर्यंत पोचते तिथेच डाग संपत होता. ही कड दिसली की मूल ओठ चावण्याबरोबर चाटतंही आहे हे सांगावं लागत नाही.

चाटण्याने ओठ ओला होतो, मऊ होत नाही. ओठाच्या लाल भागावरचा थर पातळ असतो. तिथे घामाच्या ग्रंथी नसतात, तेलाच्याही जवळजवळ नसतात, त्यामुळे त्वचेला बाकी ठिकाणी मिळतं ते संरक्षण ओठाला मिळत नाही. लाळ वाळताना ओठातला ओलावाही घेऊन जाते आणि अन्न पचवणारे लाळेतले घटक त्या पातळ थराला त्रास देतात. ओठ कोरडा पडतो म्हणून मूल चाटतं, चाटतं म्हणून साल निघते, सालीचं टोक जिभेला लागतं म्हणून दाताने ओढतं. ओढल्यावर उरते ती खरखरीत जागा, आणि खरखरीत जागा दातांना पुन्हा बोलावते.

वरचे पुढचे दुधाचे दात किंचित पुढे झुकलेले होते. तोंड मिटताना हनुवटीवर बारीक खळगे पडत होते, म्हणजे ओठ मिटायला हनुवटीच्या स्नायूला जोर लावावा लागत होता. कुठल्या दाताची कड तुटून टोकदार झालेली नव्हती. ते मी मुद्दाम बघते, कारण कधीकधी सगळं प्रकरण एवढ्याशा टोकात असतं. ओठाच्या आत निळसर, पाण्याने भरलेली गाठही नव्हती. चाव्याने छोट्या लाळग्रंथीची नळी फुटली की अशी गाठ येते. ती बरेचदा आपोआप जाते. राहिली किंवा परत परत आली तर छोटी शस्त्रक्रिया करून काढावी लागते.

नुकताच भूल देऊन दातावर काही उपचार झाला होता का, हेही विचारलं. भूल दिल्यावर ओठ दोन-तीन तास बधिर राहतो आणि लहान मुलं गंमत म्हणून तो चावत बसतात. नंतर ओठ भयंकर सुजतो, वर पांढरट-पिवळा थर येतो, आणि पू झाला असं समजून पालक घाबरून धावत येतात. ते एकदाच घडतं आणि भरून निघतं. इथे तसं काही झालेलं नव्हतं.

मग दोन साध्या गोष्टी केल्या. तोंड मिटायला सांगून नाकाखाली छोटा थंड आरसा धरला. एका बाजूने आरसा नीट धुरकटला, दुसऱ्या बाजूने जेमतेम. नंतर तिला घोटभर पाणी तोंडात धरून ओठ मिटून बसायला सांगितलं. नाक मोकळं असलेलं मूल या वयात आरामात बसतं. हिने थोड्याच वेळात डोळे मोठे केले आणि पाणी गिळून तोंडाने मोठा श्वास घेतला.

"झोपेत तोंड उघडं असतं का?" मी विचारलं.

"असतं ना. घोरतेही. सर्दी तर कायमचीच," आजी म्हणाल्या. ओठांशी त्याचा काही संबंध असेल असं घरात कुणाला वाटलं नव्हतं.

क्वचित दिसणाऱ्या, पण चुकवू नयेत अशा काही शक्यताही तपासून बाजूला ठेवल्या. ओठांची हालचाल चालू असताना हाक मारली तर ती लगेच बघायची, उत्तर द्यायची. मूल काही क्षण हरवल्यासारखं होत असेल आणि हाकेला, स्पर्शाला प्रतिसाद देत नसेल तर तो आकडीचा प्रकार असू शकतो. तिथे सवय म्हणून वाट बघायची नसते. तिला दुखलेलं नीट कळत होतं, स्वतःला दुसरी कुठलीही इजा ती करत नव्हती, बोलणं, खेळणं, चालणं वयाप्रमाणे होतं. ओठ आणि बोटं अक्षरशः तुटेपर्यंत चावण्याचा एक अतिशय दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. मायकेल लेश आणि विल्यम नायहन यांनी १९६४ साली त्याचं वर्णन केलं. तो जवळजवळ फक्त मुलग्यांत दिसतो आणि त्यात हालचालींचे दोष फार लवकर लक्षात येतात. इंटरनेटवर त्याबद्दल वाचून धास्तावलेले पालक भेटतात म्हणून इथे उल्लेख केला. रोजच्या ओठ चावण्याशी त्याचा संबंध नाही.

वहीतले तीन रकाने

पहिल्या भेटीत चावण्यावर मी कोणताही उपाय दिला नाही. घरच्यांना एकच काम दिलं: आठवडाभर बघायचं आणि लिहायचं. पहिल्या रकान्यात चावण्याआधी काय चाललं होतं, दुसऱ्यात ओठ कसा चावला, तिसऱ्यात त्यानंतर मोठ्यांपैकी कुणी काय केलं. टोकायचं नाही. वही तिच्यासमोर उघडायची नाही.

वही आली ती आईच्या बारीक अक्षरात, मधेमधे आजींच्या शेऱ्यांसह. पहिला रकाना वाचताना घरात ठरलेलं कारण टिकेना. बाळ जवळ असताना ओठ चावल्याच्या नोंदी जवळपास नव्हत्याच. बाळाशी ती बोलत असे, गात असे, त्याला हसवत असे. तोंड रिकामं नसेच. चावण्याच्या नोंदी होत्या त्या सकाळी उठल्या उठल्या, चित्र काढताना, मणी ओवताना, टीव्हीसमोर, आणि संध्याकाळी बाबा तिला अक्षरं वाचायला घेऊन बसत तेव्हा. आईने ते पान दोनदा वाचलं. इतक्या महिन्यांचा अपराधीपणा एका पानाने जात नाही, पण मुलीकडे बघताना तिच्या चेहऱ्यावर असायची ती धास्ती त्यानंतर कमी झाली. पुढच्या कामाला त्याची फार मदत झाली.

भावंडाचा जन्म, शाळा बदलणं, घरातली भांडणं यांनी मुलं ओठ चावत नाहीत असा याचा अर्थ मुळीच नाही. चावतात. कुठलं मूल कशामुळे चावतंय हे अंदाजाने ठरवू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

दुसऱ्या रकान्याने मला सगळ्यात जास्त शिकवलं. आईने फार बारकाईने पाहिलं होतं. चित्र काढताना मुलगी अख्खा खालचा ओठ आत घेई, वरचे दात त्यावर टेकवी आणि तसाच मिनिटं-मिनिटं धरून ठेवी. जबडा स्थिर, नजर कागदावर. अशा वेळी रक्त कधीच येत नसे. सकाळी आणि बाबांपुढे वाचताना मात्र ओठाचा फक्त उजवा कोपरा दातांत येई. जबडा थोडा तिरका करून ती कुरतडे, पापुद्रा सापडला की ओढे. रक्ताच्या सगळ्या नोंदी या दुसऱ्या प्रकारच्या होत्या. घरात ज्याला एक सवय म्हणत होते त्या दोन होत्या. एकीमुळे दातांची काळजी करायची, दुसरीमुळे ओठाची, आणि दोन्हींवरचा उपाय वेगळा.

तिसऱ्या रकान्यात बहुतेक ठिकाणी "ओठ म्हटलं" असं होतं. टोकायचं नाही असं ठरलेलं असूनही तोंडातून निघून जायचं, हे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. आणि जिथे "ओठ म्हटलं" होतं तिथे लगेच खालची नोंद पुन्हा चावल्याचीच. क्षणभर सोडायची, बोलणाऱ्याकडे बघायची आणि परत, बहुतेक वेळा कुरतडण्याचा प्रकार. टोकल्याने ताण वाढतो आणि लक्षही मिळतं. दोन्हींमुळे दात पुन्हा ओठाकडे जातात.

पहिला टप्पा: फक्त ओठ

पहिले दोन-तीन आठवडे सवयीचा विषयच काढायचा नाही असं ठरलं. काम फक्त ओठ बरा करण्याचं. साधी, बिनवासाची, बिनरंगाची पेट्रोलियम जेली, जाडसर थर. झोपताना, उठल्यावर, खाणं झाल्यावर तोंड पुसून, बाहेर जाताना. कापूर, मेंथॉल, सुगंध किंवा चव असलेली कुठलीही गोष्ट नको, कारण ती एक तर चुरचुरते नाहीतर चाटायला लावते. पापुद्रे ओढून काढायचे नाहीत, मोठ्यांनीही नाही. ओठाखालच्या डागासाठी बालरोगतज्ज्ञांनी काही दिवसांपुरतं सौम्य मलम दिलं. तोंडाचे कोपरे फाटलेले असते तर बुरशी, जंतू किंवा रक्तातली लोहाची कमतरता यांचाही विचार करावा लागला असता. इथे कोपरे ठीक होते.

जेलीची डबी मुलीच्या ताब्यात दिली. ही बाब छोटी वाटते, पण माझ्या मते निम्मा फरक तिने पडला. तोपर्यंत ओठ ही मोठ्यांनी ओरडायची जागा होती. आता त्या ओठाची देखभाल तिच्या हातात आली. बोट बुडवून, आरशात बघून, ओठाच्या कडेच्या थोडं बाहेरपर्यंत लावायचं, हे ती त्याच भेटीत शिकली. घरी तक्ता केला तोही जेली लावल्याचा. "आज चावलं नाही" याला चांदणी द्यायची कल्पना बाबांची होती, ती मी नको म्हटलं. न चावण्याला बक्षीस ठेवलं की मूल लपून चावतं आणि आपल्याला कळायचं बंद होतं.

याच काळात नाकाकडे लक्ष दिलं. बालरोगतज्ज्ञांनी ॲलर्जीची सर्दी असल्याचं सांगून औषधं सुरू केली. नाक मोकळं होणं या प्रकरणात का गरजेचं होतं ते पुढच्या टप्प्यात कळतं.

आजींना गप्प बसणं सगळ्यात जड गेलं. "डोळ्यांसमोर चावतेय आणि बोलायचं नाही?" त्यांची तळमळ खरी होती. त्यांना मी गप्प राहण्याऐवजी काम दिलं. मुलगी ओठ कुरतडताना दिसली की तिला प्रश्न विचारायचा, गोष्ट सांगायला लावायची, हाताशी काहीतरी द्यायचं. बोलणाऱ्या तोंडाला ओठ चावता येत नाही. हे त्यांना इतकं छान जमलं की पुढे त्याबाबत त्यांना काही सांगावंच लागलं नाही.

दुसरा टप्पा

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ओठ गुळगुळीत झाला होता. रक्ताच्या नोंदी जवळजवळ थांबल्या होत्या, आणि तोपर्यंत कुणी सवय मोडायला बोटही उचललं नव्हतं. कुरतडण्याला कुरतडण्याजोगं काही उरलं नव्हतं.

राहिला तो कामात गुंग असतानाचा चावा. दातांचा प्रश्न इथला. खालचा ओठ वरच्या दातांमागे अडकून राहिला की तो वरच्या दातांना पुढे आणि खालच्या दातांना आत ढकलत राहतो. किती जोराने यापेक्षा किती वेळ, हे महत्त्वाचं. आणि वरचे दात पुढे गेले की त्यांच्यामागची जागा ओठाला आणखी सोयीची होते. मग मूल चावत नसतानाही ओठ तिथेच जाऊन बसतो.

या चाव्यासाठी सवय उलटवण्याची पद्धत वापरली. नेथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन यांनी ती १९७३ साली मांडली. गाभा साधा आहे: सवय होतेय हे कळायला शिकायचं, त्या क्षणी तिच्याबरोबर होऊच शकत नाही अशी दुसरी कृती करायची, आणि जवळच्या माणसांनी त्यात साथ द्यायची. एवढ्या लहान मुलीसाठी ती खेळाच्या रूपात आणली. आरशासमोर बसून तिने मुद्दाम ओठ आत घेतला, सोडला, परत घेतला. "आता कुठे आहे ओठ?" "आत." "आता?" "घरी." घरी हा शब्द तिचा. ओठ मिटलेले, दात एकमेकांपासून किंचित सुटे, जीभ वर टाळूला टेकलेली, श्वास नाकाने, ही तिची "ओठ घरी" असलेली स्थिती ठरली.

नाक बंद असलेल्या मुलाला ओठ मिटून बस म्हणणं म्हणजे श्वास कोंडून बस म्हणणं आहे. नाकाचं काम आधी करायचं ते यासाठी.

"ओठ!" या हाकेच्या जागी खूण आली. ती मुलीनेच निवडली: आईने स्वतःच्या हनुवटीवर दोन बोटं टेकवायची. बोलायचं काही नाही. खूण दिवसातून मोजक्या वेळा, चित्र काढताना आणि टीव्हीसमोरच. बाकी वेळी दुर्लक्ष. शिक्षिकांनाही एवढंच कळवलं की वर्गात कुणासमोर टोकू नका, पाणी प्यायला आणि जेली लावायला मोकळीक द्या. कौतुक करायचं तर नेमकं: "अख्खी माळ ओवून झाली आणि ओठ घरीच होता." नुसतं "शहाणी मुलगी" याने मुलाला काय जमलं ते कळत नाही.

संध्याकाळच्या वाचनाबद्दल बाबांशी वेगळं बोलले. ते रागावत नव्हते. अक्षर चुकलं की शांतपणे थांबवून परत वाचायला लावत, आणि दर थांबण्याला तिचा उजवा कोपरा दातांत जाई. महिनाभर वाचन त्यांनी करायचं, पानं तिने उलटायची, अक्षर विचारायचं नाही, वेळ दहा मिनिटं, असं ठरलं. त्यांना हे मागे जाणं वाटलं. पण महिन्याच्या शेवटी ती स्वतःहून शब्दांवर बोट ठेवून विचारू लागली, आणि ते थांबवण्यापेक्षा उत्तरं देण्यात गुंतले.

पुढे काय झालं

तिसऱ्या महिन्यात तिला जोरदार सर्दी झाली. नाक बंद, तोंड उघडं, ओठ कोरडे, चार दिवसांत उजव्या कोपऱ्यावर पुन्हा रक्त. आईचा फोन आला तेव्हा आवाज पहिल्या दिवसासारखा होता. सगळं पुन्हा पहिल्या टप्प्यापासून करायला सांगितलं: खूण बंद, बोलणं बंद, जेली आणि नाक. ओठ दहा-बारा दिवसांत भरला आणि त्याबरोबर कुरतडणंही गेलं. अशी उलटी पावलं पडतात. त्या वेळी घाबरून पुन्हा टोकायला सुरुवात झाली तर आधीचं सगळं पुसलं जातं, म्हणून पालकांना मी हे सुरुवातीलाच सांगून ठेवते.

मधल्या एका भेटीत आईने धाकट्याला पुढे केलं. त्याला खाली दोन दात आले होते आणि तो वरचा ओठ त्यांच्यावर घासत बसायचा. तो नव्या दातांची चाचपणी करतोय, त्याला काही करायचं नाही, हिरड्यांसाठी थंड, स्वच्छ, चावण्याजोगं खेळणं पुरे, असं सांगितलं. या वयातलं असलं चावणं आपोआप मागे पडतं.

सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा ओठाखालचा डाग गेला होता, पाणी तोंडात धरून ती मजेत बसत होती, हनुवटीवरचे खळगे कमी झाले होते. टीव्हीसमोर ओठ अजून अधूनमधून आत जातो. तेवढ्यासाठी घरी टीव्हीच्या वेळी हातात काहीतरी उद्योग देतात आणि त्यापलीकडे मागे लागत नाहीत. मलाही ते पुरेसं वाटतं. दुधाचे दात थोडे पुढे आहेत ते आहेत. वरचे कायमचे पुढचे दात साधारण सात ते आठ वर्षांच्या दरम्यान येतील. तोवर दर चार महिन्यांनी बघायचं ठरलंय. ते दात येताना ओठ त्यांच्यामागे अडकत असेल तर ओठ दातांपासून दूर ठेवणारी तार लावायचा विचार करू. ती तार शिक्षा म्हणून लावायची नाही, हे बाबांनी स्वतःच म्हटलं. त्याआधी ओठात न जाणारी गाठ दिसली, दहा मिनिटं स्वच्छ कापड दाबूनही रक्त थांबलं नाही, किंवा जखमेत पू, ताप, पसरणारी लाली दिसली तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता यायचं.